उठू नका

फौजेत कंबर आणि गुडघे घालवून आलेल्या हणमंतरावांचं अपंगत्वाचं पेन्शन मागच्या तपासणीत निम्म्यावर आलं. कारण काय, तर डॉक्टरसाहेब दिसताच हे ताडकन उठले आणि कडक सलाम ठोकून मोकळे झाले! अपिलाची फेरतपासणी लागली, तसा त्यांच्या बायकोनं, गुणाबाईंनी, हिमायतनगरच्या घरून निघाल्यापासून एकच घोशा लावला, "आवं, ह्या बारीला तरी उठू नका. सायेब येऊ द्या, न्हाई तर सायबाचा बाप."

"हाव, न्हाई उठत," हणमंतराव दर खेपेला म्हणत.

दवाखान्यात बाकावर सगळे असेच वाकलेले, कण्हणारे म्हातारे फौजी. गुणाबाई नवऱ्याचा सदरा मुठीत गच्च धरून बसल्या.

बूट वाजले. अख्खा बाक एका झटक्यात उभा! गुणाबाईंच्या मुठीत नुसता सदऱ्याचा तुकडा उरला.

"बसा, बसा. तब्येती झकास आहेत की!" म्हणत साहेब आत गेले.

आता बसायचं कसं? कुणी भिंत धरली, कुणी शेजाऱ्याचा खांदा. हणमंतराव अर्ध्यातच अडकून विव्हळले.

गुणाबाईंनी तरातरा जाऊन साहेबांचं दार उघडलं. "सायेब, उठताना बघितलं न्हवं? मंग आता बसताना बी बघा!"