चेस्टनट रोडची रेघ

वाचनालयाचं गळकं छप्पर. आवाज न फुटणारा ट्रॉम्बोन. उंदरांनी कुरतडलेले नकाशे.

मोडकळीला आलेल्या शाळेतलं हे सगळं व्हर्लीननं आठ वर्षं खपून नीट करून घेतलं. आठ वर्षांपूर्वी, व्हर्लीनची मुलगी आपल्या चांगल्या शाळेत नको, म्हणून समोर राहणाऱ्या कोर्टनीनं शाळा-बोर्डाकडून शाळांच्या हद्दीची रेघ दोघींच्या घरांमधल्या चेस्टनट रोडच्या मधोमध आखून घेतली होती; व्हर्लीनच्या बाजूला ही मोडकी शाळा आली.

आता मोडकी शाळाच गावात पहिली आली.

"अगं व्हर्लीन, आपण शेजारणी ना! रेघ जरा सरकव, माझी धाकटी तुमच्याकडे येईल," कोर्टनी बोर्डाच्या भर बैठकीत म्हणाली.

आता बोर्डावर निवडून आलेल्या व्हर्लीनचंच मत निर्णायक होतं. "तू एवढ्या हौसेनं ओढलेली रेघ, मोडवत नाही गं," म्हणत तिनं विरोधात हात वर केला.



व्हर्लीनची मुलगी पाच वर्षांपूर्वीच ती मोडकी शाळा संपवून गेली होती.