घराण्याचा झगा

“ती माझ्या नातवाची धर्ममाता होणार नाही. विषय संपला!”

बंगळूरच्या शिवाजीनगरमधल्या चर्चमध्ये मराठी उपासनेला जमलेल्या मंडळींनी माना वळवल्या. बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या पात्राशी ऋचा बाळाला घेऊन उभी होती. शेजारी कावेरी, तिची मारतहळ्ळीची शेजारीण. पिढ्यान् पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी हिंदू घरातली. तिचा बाप्तिस्मा गेल्या ईस्टरला झाला होता.

“बाबा, प्रार्थना मला हिनं शिकवली. तुम्ही फक्त वंशावळ शिकवलीत.”

“शिकवणारच!” ऋचाचे वडील नंदकिशोर गरजले. “पणजोबांनी या नावासाठी दगड खाल्ले. नगरला आम्हाला कधी कुणी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नाही. आडनाव हाच दाखला. आणि ही? कालपर्यंत उदबत्त्या ओवाळत होती!”

कावेरी एक पाऊल मागे सरली. “सरी अण्णा, ठीक आहे. मी स्वल्प मागं बसते. बाळाचं तेवढं होऊ दे.”

“मागे कशाला? बाहेर बस!”

“नंदकिशोर,” पाळकसाहेब कडाडले, “या पाण्याला कुणाचं कूळ कळत नाही.”

“कसं कळेल? तुम्ही तरी कुठले मोठे लागून गेलात!”

नंदकिशोरांनी ऋचाच्या हातून बाळ ओढून घेतलं. बाळाच्या अंगात घराण्याचा पांढरा झगा होता, लेस पिवळी पडलेली. बाळानं टाहो फोडला.

“चला घरी. पुढचा पाळक आला की करू बाप्तिस्मा.”

पहिल्या बाकावर त्यांची म्हातारी आई बसली होती. आधी सासऱ्यापुढे, मग मुलापुढे, तिनं कधी आवाज चढवला नव्हता. बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळणारी प्रभुभोजनाची भाकर मुलाच्या हाती पडली की ती डोळे गच्च मिटून घ्यायची. लोक म्हणत, केवढी भाविक बाई!

आता ती काठी आपटत उठली.

“दे ते लेकरू त्याच्या आईपाशी! हेच शब्द तुझा आजा बोलला होता. याच झग्यात तू माझ्या मांडीवर होतास. म्हणाला, हा पाळक कालचा ख्रिस्ती, त्याचा हात नको. पुढचा पाळक आला की करू.”

“मग?” नंदकिशोर पुटपुटले.

“मग पुढचा आला. पण आपल्या घराला दाखला मागतो कोण? आडनाव होतं ना!” म्हातारीनं काठी त्यांच्याकडे रोखली. “तुझ्या डोक्याला आजवर लागलं ते न्हाणीतलंच पाणी.”