मंगळाची दोन वर्षं

मंगळावरून आलेल्या यानातले सगळे प्रवासी उतरले, पण हेमंत आलाच नाही. शर्वरीने यानतळावरूनच मंगळावर निरोप धाडला, "दोन वर्षं झाली. कुठे आहेस?"

उत्तर यायला अर्धा तास लागला. "अगं, नोकरीच्या करारातली वर्षं मंगळाची आहेत. पृथ्वीची जवळजवळ चार होतात."

"हे तुला जाताना माहीत होतं?"

पुन्हा अर्धा तास गेला. बाबाची वाट बघून इरा तिच्या मांडीवर झोपून गेली.

"होतं. सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

तिथे कुटुंबालाही नेता येत होतं. 'दोनच वर्षं, तुम्ही कशाला येता?' असं तोच म्हणाला होता.

'आम्हीही आलो असतो,' शर्वरीने लिहिलं, मग पुसलं आणि काहीच न कळवता इराला खांद्यावर घेऊन ती घरी निघाली.