मातीखालचा रंग

छडीबाईंनी काठी भिंतीवर आपटली आणि परातभर पोपडे फरशीवर पडले.

"बघा! रंग देऊन वर्ष नाही झालं. कमरेपर्यंत ओलीचा लोणा चढलाय."

गवंड्यानं भिंतीला तळहात लावला आणि पँटला पुसला. असली ओली घरं त्याच्या डोक्यात जायची. "जोत्यावर डांबराचा थर देतात बाई, जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून. तो जमिनीच्या वर हवा. तुमचा खाली दबलाय. अंगण नि फरशी एका पातळीत, दाराला साधी पायरी नाही. कोण शहाणा होता बांधणारा?"

"तो काय, खुर्चीत बसलाय."

खुर्चीत छडीबाईंचे वडील होते, अण्णा. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या बांधकामांवर सुपरवायझर म्हणून काढला. बोटभर चुकलेली भिंत पाडून पुन्हा बांधायला लावणारा माणूस. आणि स्वतःच्या घरी हा घोळ!

छडीबाई शाळेत शिकवायच्या. हातातली काठी कधी सुटायची नाही, म्हणून गल्लीनं हे नाव ठेवलेलं. चिडायला त्यांना निमित्त लागत नसे, पण आजचा राग साधा नव्हता. याच भिंतीला लागून आईचा पलंग होता. आई तिथंच खोकत खोकत झिजली आणि गेल्या हिवाळ्यात गेली. ओलीनं छाती धरलीय, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. खोली बदलायची तर कुठली? सगळं घरच ओलं.

"भिंत झाली की घर विकणार," त्या गवंड्यादेखत म्हणाल्या. "यांचं नाव वृद्धाश्रमात घातलंय. ज्यानं माझ्या आईला मारलं त्याच्याबरोबर एका छताखाली मला राहायचं नाही. फक्त एकदा यांच्या तोंडून ऐकायचंय, चूक कुणाची."

"माझी," अण्णा म्हणाले.

"मग इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी का धरली होती?"



बापलेकीच्या भांडणात गवंड्याला रस नव्हता. "भिंत थोडी थोडी कापत जाऊ आणि नवा थर वर घालू. एकदम कापली तर घर अंगावर येईल. आधी बाहेरून खणून जुना कुठं आहे ते बघतो."

"बाहेर खणू नका," अण्णा एकदम बोलले. "आतूनच करा काय ते."

छडीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "का? केलेली घाण उघडी पडेल म्हणून? खणा हो तुम्ही! पार पायापर्यंत खणा!"

दारालगत कुदळ पडू लागली. छडीबाई बघायला बाहेर निघाल्या. मातीचा ढीग आडवा आला, तेव्हा गवंड्यानं हात पुढे केला.

"राहू द्या. या घरात ये-जा करायला मला कधी कुणाचा हात लागला नाही."

गुडघाभर खणल्यावर गवंडी थांबला. मातीखालच्या भिंतीला गिलावा होता. गिलाव्याला पिवळा रंग होता.

"च्यायला! जमिनीखाली कोण रंग लावतं?"

आणखी दोन घाव घातले आणि दगडाची कड लागली. तिच्याखाली दुसरी. त्यानं हातानंच माती सारली.

"पायऱ्या आहेत बाई! थर बरोबर आहे, चांगला उंचावर दिलाय. कुणीतरी मागाहून अख्ख्या अंगणात भर टाकलीय." तो दाराकडे वळला. "अहो अण्णा, तुम्ही तर जाणकार माणूस. ही अवदसा कशी आठवली?"

अण्णा भिंतीला धरत धरत दारापर्यंत आले होते. लेकीकडे त्यांनी बघितलं नाही. गवंड्यालाच सांगितलं.

"ही तीन वर्षांची होती. तापात पाय गेला. दवाखान्यातून आणली, तर खालच्या पायरीवर बसून रडायला लागली. दुसऱ्याच दिवशी हिच्या आईनं मातीच्या गाड्या मागवल्या. मी हात जोडले. म्हटलं, थर बुडेल, घरभर ओल चढेल. ती म्हणाली, चढू दे. पोरगी आपली आपण घरात आली पाहिजे."