एक चक्कर

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि वेदश्रीने दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. हा दिवा तिच्या ओळखीचा होता. गाडी घसरू लागली की तिला आपोआप सावरणारी यंत्रणा आता बंद आहे, एवढंच तो सांगतो.

देवेंद्रने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. लाल गाडीचा मागचा भाग डावीकडे फेकला गेला. वेदश्रीचं डोकं काचेवर आदळलं. टायर किंचाळले, जळक्या रबराचा वास आत भरला. गाडी गरकन फिरली, थांबली, पुन्हा सुटली. दुसऱ्या फेरीत तिचं कोपर दारावर बसलं आणि हात बधिर झाला. ती ओरडली नाही. ओरडलं की फेऱ्या वाढतात, हे ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती.

देवेंद्र अशा वेळी कधीच बोलत नसे. वर्ध्यात त्याचे फिजिक्सचे क्लास आहेत, पोरं सरांवर जीव टाकतात. बोरगाव मेघेत शेजाऱ्यांनी त्याचा चढलेला आवाज ऐकलेला नाही. गोगलगाय अन् पोटात पाय, दुसरं काय! चार वर्षांत त्याने बायकोवर एकदाही हात उचलला नव्हता. त्या कामाला गाडी होती.

आजचा तिचा गुन्हा मोठा होता. धोंड्याचा महिना, म्हणून समुद्रपूरजवळच्या तिच्या माहेरी दोघांना जेवायला बोलावलं होतं. तिच्या वडिलांनी, सदाशिवरावांनी, जावयाचे पाय धुतले. आई लीलाबाईंनी तेहतीस अनारसे पुढे ठेवले. अधिकात जावई म्हणजे साक्षात नारायण, आणि नारायणाला जाब कोण विचारणार? तेवढ्यात वेदश्री सगळ्यांसमोर म्हणाली, "मी आठ दिवस इथंच राहते." आठ दिवस हे नुसतं म्हणायला. तिला परत जायचंच नव्हतं.

देवेंद्र हसला. "राहा न. आधी एक चक्कर मारून येऊ."

याआधी दोनदा तिने वडिलांना सगळं सांगून पाहिलं होतं. सदाशिवरावांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. डेपोत त्यांनी तापट माणसं पुष्कळ पाहिली होती. "रागात मानसाचा ताबा सुटते, पोरी," ते म्हणाले होते. "मनानं वाईट नाई तो. सांभाळून घेजो." आणि दोन्ही वेळा त्यांनीच तिला याच गाडीत बसवून दिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. आज वडिलांनी आपल्याला ठेवून घ्यावं, एवढंच तिला हवं होतं.

गावामागचा हा रस्ता कारखान्यांसाठी राखलेल्या रिकाम्या प्लॉटांकडे जातो. मे महिन्याच्या दुपारी तिथे कुत्रंही फिरकत नाही. पाचव्या फेरीत मोरीचा कठडा तिच्या बाजूने आला. तिला तो येताना दिसला. देवेंद्रने स्टिअरिंग अजून थोडं वळवलं. दार आत घुसलं, काच तिच्या तोंडावर फुटली आणि गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. देवेंद्रला खरचटलंही नव्हतं.

टायरांचा आवाज घरापर्यंत गेला होता. सदाशिवराव लूना दामटत आले, तेव्हा जावई रस्त्यावर बसून डोकं धरून रडत होता.

"बाबा, ताबा सुटला माझा," तो म्हणाला. "ती सगळ्यांसमोर तसं बोलली न, मले राग आवरलाच नाई. काय झालं ते कळलं नाई."

सदाशिवरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वेदश्रीने ते आतून पाहिलं आणि तिचा धीर खचला. आता दवाखाना होईल, पट्टी होईल, आणि महिन्याभराने पुन्हा सांभाळून घे. तिला बापाचा इतका राग कधीच आला नव्हता.

सदाशिवरावांनी तिला उजव्या दाराने बाहेर काढलं, कठड्याला टेकवून बसवलं. आपल्या गळ्यातला दुपट्टा तिच्या गालाला लावला. मग इंजिन बंद करायला ते गाडीत वाकले, आणि ड्रायव्हरची नजर आपसूक दिव्यांवर गेली.

"कायचा दिवा होय हा?"

"गाडी घसरू नये म्हणून एक सिस्टीम असते, बाबा. ती बंद आहे," देवेंद्र म्हणाला.

"आपोआप बंद झाली का?"

"नाई. बटन आहे तिथं."

सदाशिवरावांनी बटण दाबलं. दिवा विझला. त्यांनी पुन्हा दाबलं. दिवा लागेना.

"बंद तर नाई होऊन राह्यली."

प्रश्न आला की उत्तर द्यायचंच, ही मास्तरांची खोड. देवेंद्र डोळे पुसत म्हणाला, "नुसतं दाबून नाई होत. कोणाच्या हातून चुकून बंद होऊ नये, म्हणून दाबून धरा लागते. पाच सेकंद."

सदाशिवरावांनी बटणावर बोट ठेवलं. ते आता लेकीकडे बघत होते. तिच्या गालावरून रक्त दुपट्ट्यात मुरत होतं. एक हात लोंबत होता. बराच वेळ गेला, मग दिवा लागला. त्यांनी इंजिन बंद केलं आणि खिशातून मोबाइल काढला. नंबर दोनदा चुकला.

"लीला, पोलीस पाटलाले इकडं पाठव. अन् पोरगी आता इथंच राहीन. आठ दिवस नाई, कायमची."

देवेंद्र ताडकन उभा राहिला. "काऊन, बाबा? रागाच्या भरात झालं न ते."

"भर मोजला म्या आत्ता," सदाशिवराव म्हणाले. "ताबा सुटलेल्या मानसाचं बोट एवढा वेळ एका जागी राहात नाई."