नाना सांगतात तसा शेवट

सिनेमा अधांतरी संपला की आरोही आणि तिचे वडील, नाना, खूश व्हायचे आणि आई चिडायची. “हे काय? ती त्याला भेटली की नाही, ते तरी दाखवा मेल्यांनो!”

“भेटली असती तर उद्या विसरलो असतो गं,” आरोही म्हणायची. “आता आठवडाभर डोक्यात राहील.”

“तुझ्या डोक्यात राहील. मला झोप नाही लागायची, त्याचं काय?”

मग अंथरूण घालता घालता नाना आईपुरता एक शेवट रचून सांगायचे. त्याची गाडी चुकते, तो माघारी येतो, ती दारातच उभी असते. सगळी थाप आहे हे आईला ठाऊक असायचं, पण ती ऐकल्यावर तिला शांत झोप लागायची.

परवा बदनावरला मुंजीला गेलेले नाना देवासला घरी परतलेच नाहीत. फोनही बंद. आज दुपारी तिकडच्या पोलीस ठाण्यातून आरोहीला फोन आला. “बेटा, सड़क किनारे एक बुजुर्ग की बॉडी मिली है. फोटो भेज रहा हूँ, पहचान लो.”

फोटो आला. मोबाइलवर तो अजून धूसर होता. उघडण्यासाठी आरोहीने बोट पुढे केलं, तोच आईने पडद्यावर तळहात दाबून धरला.



“थांब. आधी तू मला शेवट सांग. तुझे नाना सांगतात तसा.”