पाहिला की नवा

"आधी पन्नास फोटो दाखवले. आता त्यात पन्नास नवे मिसळलेत. प्रत्येकाला 'पाहिला' की 'नवा', एवढंच सांगा," तरुण मानसशास्त्रज्ञ शकूताईंना म्हणाला.

"चुकलीस तर वधूवर मंडळ बंद, आई," मुलाने बजावलं. आमटीत दोनदा मीठ पडल्यापासून तो कुलूप घेऊनच फिरत होता.

ताईंनी चष्मा पुसला. "पाहिला. नवा. नवा. पाहिला, तेव्हाही टाय वाकडाच होता." मंडळात तीस वर्षं त्यांनी हेच तर केलं होतं.

शंभरपैकी शंभर बरोबर. मानसशास्त्रज्ञाने पुन्हा मोजलं. तरी शंभरच. मुलाने कुलूप खिशात घातलं.

"बारा नंबरच्या मुलीला एकोणसत्तरवाला शोभेल," ताई म्हणाल्या. "पत्ते द्या दोघांचे."

"ताई, ते प्रयोगाचे फोटो आहेत."

"म्हणून काय बिचाऱ्यांनी बिनलग्नाचं राहायचं?"

मानसशास्त्रज्ञाने थोडा विचार केला. मग खण उघडून स्वतःचा पासपोर्ट फोटो काढला आणि हळूच टेबलावर सरकवला.

ताईंनी तो उजेडात धरला. "नवा," त्या म्हणाल्या आणि फोटो पर्समध्ये टाकून मुलाकडे वळल्या. "चल, मंडळ उघडायचंय."